सरांना रेकॉर्डिंग हवंय, मला रिमिक्स करायचंय

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी म्युझिक प्रॉडक्शनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय स्टुडिओ रेकॉर्डिंग, पण माझा जीव सगळा हिप-हॉप रिमिक्समध्ये अडकलाय. आवडत्या गाण्यातून सॉफ्टवेअरने रॅपरचा आवाज वेगळा काढते आणि खाली माझी बीट, म्हणजे ड्रम-बासची साथ, टाकते. परवा एका व्हर्समधली, म्हणजे रॅपच्या कडव्यातली, एक ओळ अर्धा बीट (अर्धी मात्रा) मागे सरकवली तर ओळीतला संतापच उतरला, ती एकदम दुःखी वाटायला लागली, रात्रभर तेच ऐकत बसले. पण सर म्हणतात हे दुसऱ्याच्या तयार कामावर खेळणं झालं, आधी एक आवाज नीट रेकॉर्ड करून दाखव. मी खोलीत एका मित्राचं रॅप रेकॉर्ड केलं तर ते डब्यातून आल्यासारखं वाजतं. त्यात ऑनलाइन टाकलेला एक रिमिक्स हक्काच्या तक्रारीमुळे काढला गेला. माझं स्वतःचं असं काही नाहीच असं वाटायला लागलंय. महागातला माइक घेऊ, का रिमिक्स सोडून रेकॉर्डिंगवर लक्ष देऊ? वर्षअखेरीच्या प्रोजेक्टला दोन महिने आहेत."

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली, ती ओळ मागे सरकवण्याबद्दल तू जितकं भरभरून लिहिलंयस तितकं बाकी कशाबद्दलच लिहिलेलं नाहीस, आणि रेकॉर्डिंगबद्दल मात्र फक्त एक वाक्य, तेही तक्रारीचं. म्हणजे तुला कशात आनंद मिळतो ते तुला आधीच कळलेलं आहे, ते सोडायचा सल्ला मी अजिबात देणार नाही. पण तू प्रश्न जसा मांडलायस, हे का ते, त्याबद्दल मला बोलायचंय, कारण मला तो प्रश्नच बरोबर वाटत नाही.

आधी ते "माझं स्वतःचं काही नाही" घेऊ. तू ज्या संगीतावर प्रेम करतेस ते सुरूच कसं झालं बघ. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका इमारतीच्या हॉलमध्ये डीजे कूल हर्क यांनी पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. गाण्यात गायक थांबतो आणि नुसते ड्रम उरतात तेवढ्या तुकड्यावर लोक जास्त नाचतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं, मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तुकडा ते लांबवत न्यायचे. मूळ गाण्यात काही सेकंदांचा असलेला ब्रेक त्यांच्या हातात कितीतरी मिनिटं चालायचा. रेकॉर्डवरचा एकही सूर त्यांनी वाजवलेला नव्हता, पण कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे ऐकणं त्यांचं होतं, आणि त्या ऐकण्यातून एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. तू अर्धा बीट मागे सरकवलास तेव्हा तूही असाच निर्णय घेतलास, तो निर्णय तुझाच आहे.

मात्र याच इतिहासात दुसरी बाजू आहे आणि तिथे मला तुझ्या सरांचं म्हणणं पटतं. हर्क मूळचे जमैकाचे, आणि तिथे किंग टबी यांनी साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात तयार गाण्यातला आवाज काढून टाकायचा, बास आणि ड्रम पुढे आणायचे, मध्येच एखादा शब्द इकोमध्ये सोडून द्यायचा असं करत मिक्सिंग डेस्कच वाद्यासारखा वाजवला, रिमिक्सची मुळं तिथपर्यंत जातात. हे किंग टबी कोण होते? इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे, स्वतःचे ॲम्प्लिफायर बांधणारे. यंत्राच्या आत काय चालतं हे त्यांना माहीत होतं म्हणून त्यांना ते यंत्र वाजवता आलं. पुढे १९८७ मध्ये एसपी-१२०० नावाचा सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डमधला छोटा तुकडा (सॅम्पल) साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र, आला, त्यात सगळं मिळून जेमतेम १० सेकंदांचं सॅम्पल मावायचं, तर प्रोड्युसर लोकांनी काय करावं, ३३ च्या स्पीडची रेकॉर्ड ४५ वर वाजवून पटकन आत घ्यायची आणि आत गेल्यावर पुन्हा खाली उतरवायची. जागा वाचली आणि वर आवाजाला एक खरखरीत दाणा आला जो लोक आज मुद्दाम प्लगइन लावून आणतात. रेकॉर्डिंग कसं होतं हे ज्यांना कळत होतं त्यांनीच रिमिक्स पुढे नेला. तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या खोल्यांत ठेवू नकोस.

सर "तयार कामावर खेळणं" म्हणतात ते शब्द लागले असतील तुला, समजू शकते. पण त्यांच्या शब्दांतला तांत्रिक भाग ऐक. तू सॉफ्टवेअरने वेगळा काढतेस तो आवाज आधीच कंप्रेस झालेला (चढ-उतार दाबलेला), ईक्यू झालेला (जाड-बारीक भाग कमी-जास्त केलेला), रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज) लावलेला असतो, आणि वेगळा काढताना हायहॅटचे, म्हणजे ड्रमच्या झांजांचे, तुकडे त्याला चिकटून येतात, "स" आणि "श" पाण्याखालून आल्यासारखे होतात. बीट चालू असताना हे झाकलं जातं, बीट थांबली की उघडं पडतं. आणि मोठी गोष्ट अशी की आवाज तसा का वाजतोय याचे सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेत, ते निर्णय तुला दिसतच नाहीत, मग ते शिकणार कसे. तुझ्या मित्राचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाजला आणि तुला कारण सापडलं नाही ते याच्यामुळेच.

म्हणून माझा सल्ला असा आहे. प्रोजेक्टसाठी त्याच मित्राचं एक व्हर्स आणि एक हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) तू स्वतः नीट रेकॉर्ड कर, पुढे याचा रिमिक्स करायचाय हे डोक्यात ठेवूनच रेकॉर्ड कर, आणि मग त्याच आवाजावर वेगवेगळे रिमिक्स कर, एक संथ, एक जोरकस, हवं तर एक जवळजवळ नुसता आवाज आणि बास. सरांना हवं ते रेकॉर्डिंग मिळतं, तुला हवा तो रिमिक्स मिळतो, आणि हक्काची तक्रार करायला त्रयस्थ कुणी उरत नाही.

आता माइक. नवीन माइक घेऊ नकोस, निदान आत्ता तरी. डब्यासारखा आवाज बहुतेक वेळा माइकचा नसतो, खोलीचा असतो, उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि काही मिलिसेकंदांनी मूळ आवाजात मिसळतो. जितका संवेदनशील कंडेन्सर माइक घेशील तितकी तो खोली जास्त स्वच्छ ऐकवेल, म्हणजे पैसे जाऊन डबा अजून मोठा. अशा खोलीत साधा, कमी संवेदनशील डायनॅमिक माइक कितीतरी वेळा बरा पडतो. आणि इथे बरेच लोक एक गोष्ट उलटी करतात, माइकच्या मागे फोम लावतात. अगं, कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने तसाही कमी ऐकतो, तो ऐकतो समोरून, म्हणजे रॅपर आणि रॅपरच्या पाठीमागची भिंत. जाड रजई, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट जे काय असेल ते रॅपरच्या पाठीशी आणि बाजूंना यायला हवं. खोलीच्या अगदी मधोमध उभं करू नकोस, कोपऱ्यातही नको, आणि टाळी वाजवून बघ, टाळीनंतर झणझण ऐकू आली तर अजून कपडे लाव. हे एवढं करून तेच व्हर्स परत घे आणि जुन्या टेकशेजारी ठेवून ऐक.

अंतर साधारण एक वीत, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). माइक तोंडाच्या अगदी सरळ समोर न ठेवता किंचित बाजूला किंवा वर ठेवलास तर "प" आणि "ब" चे फटके कमी बसतात. रॅपर लोक जोशात माइकच्या जवळ जातात, आणि जवळ गेलं की खालचा घुमारा वाढतो, कार्डिऑइड माइकचा हा स्वभावच आहे, त्यामुळे एक ओळ जाड आणि दुसरी बारीक असं होतं. नंतर ईक्यूने हे जुळवत बसणं फार कंटाळवाणं काम आहे, त्यापेक्षा जमिनीवर टेप लावून पायाची जागा ठरवून दे. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठरवताना मित्राला "हॅलो हॅलो" म्हणायला लावू नकोस, व्हर्समधली सगळ्यात मोठ्या आवाजाची ओळ पूर्ण जोरात म्हणायला सांग आणि तेव्हा मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं बघ. २४ बिटला रेकॉर्ड करत असशील तर लेव्हल कमी राहिली म्हणून काही बिघडत नाही, नंतर वाढवता येते, क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला, आवाज मात्र पूर्ण परत येत नाही.

हेडफोनकडे लक्ष दे, हे फार लोक विसरतात. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज जमवून मग पुढे पाठवतो तो साठा, १०२४ सॅम्पलवर राहिला तर ४८ किलोहर्ट्झला नुसता बफरच २१ मिलिसेकंद खातो, मित्राला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो नकळत बीटच्या मागे पडतो, मग तू म्हणतेस याला ताल नाही. रेकॉर्ड करताना बफर १२८ वर आण किंवा इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे आवाज थेट हेडफोनला देण्याची सोय, असेल तर ते वापर, मिक्स करताना पुन्हा वाढव. क्लिक, म्हणजे ताल दाखवणारी टिकटिक, मोठ्याने लावू नकोस, ती हेडफोनमधून गळून माइकमध्ये जाते आणि तुझा सगळा रिमिक्स त्या टिकटिकीसकट करावा लागतो. क्लिकऐवजी नुसता मऊ ड्रम लूप दे, पण टेम्पो पक्का ठरलेला असू दे आणि फाइलच्या नावात लिहून ठेव.

आणि तो माणूस आहे हे विसरू नकोस. पहिल्या टेकपासून चुका सांगत सुटू नकोस. पूर्ण व्हर्सचे तीन-चार टेक सलग घे, मध्ये थांबवू नकोस, मग दोघं बसून ऐका, ज्यात जीव आहे तो टेक मुख्य धरा आणि फक्त अडखळलेल्या ओळी दुसऱ्या टेकमधून घ्या. एखादी ओळ नव्याने घ्यायची असेल तर दोन बार (चार-चार बीटचे दोन भाग) आधीपासून वाजव म्हणजे श्वास आणि जोर जुळतो. श्वास सगळे कापून टाकू नकोस, रॅपमध्ये श्वास हाही तालाचाच भाग आहे, फार मोठा असेल तर लहान कर. शेवटच्या शब्दांचे डबल (तेच शब्द पुन्हा म्हणून वर ठेवायचे) वेगळ्या ट्रॅकवर घे, ॲडलिब (मध्येच टाकलेले छोटे उद्गार) वेगळ्या ट्रॅकवर घे, कारण रिमिक्समध्ये खरा खजिना हाच असतो, एक नुसतं हसू किंवा "हां" हुकमध्ये बीटसारखं वापरता येतं. सगळं कोरडं ठेव, रिव्हर्ब फाइलमध्ये पक्का करू नकोस, मित्राला हेडफोनमध्ये हवा असेल तर फक्त हेडफोनमध्ये दे.

आता तुझ्या आवडीचा भाग. रिमिक्स सुरू करताना टेम्पो आधी ठरव. ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० बीट) आवाज ९४ वर नेलास तर चालून जातो, १२० वर ताणलास तर स्वर तुटायला लागतात, शब्दांची टोकं विरघळतात. पण ७० चा आवाज १४० च्या बीटवर एक कणही न ताणता बसतो, कारण बीट दुप्पट आहे इतकंच, तेव्हा आधी असं नातं शोध आणि नसेलच तर ताण. मग ती तुझी सरकवण्याची गोष्ट. ९० बीपीएमला एक बीट साधारण ६६७ मिलिसेकंदांचा, चार बीटच्या बारचा सोळावा भाग म्हणतात तो, म्हणजे पाव बीट, १६७ चा, आणि गाण्याचा मूड मात्र १५-२० मिलिसेकंदांनी बदलतो. स्नेअर (ड्रममधला कडक ठोका) तेवढा मागे ठेवलास तर बीट आरामात टेकून बसते, पुढे ओढलास तर अंगावर येते. हिप-हॉप प्रोड्युसर जे डिला यांनी ड्रम मशीनवर सगळे ठोके ग्रिडला (वेळेच्या काटेकोर चौकटीला) न चिकटवता किक (खालचा जड ठोका), स्नेअर, हायहॅट यांना आपापला वेगळा कल दिला, त्यांची एमपीसी ३००० ही मशीन आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे. तुझ्या कानाला अर्ध्या बीटचा फरक इतका खोलवर जाणवला, आता तोच कान या बारीक फरकावर लाव. आवाज जागेवर राहू दे आणि त्याच्याभोवती ड्रम सरकव, हे करून बघच, त्यात रात्री जातील तुझ्या.

बासबद्दल थोडक्यात. एट-ओ-एट (८०८) या ड्रम मशीनचा लांब किक हा सूर असतो, तो गाण्याच्या पट्टीत लाव, नाहीतर सगळं बरोबर असूनही काहीतरी आंबट वाजत राहतं. दुसरा किक आणि हा लांब बास दोघं एकाच ठिकाणी भांडत असतील तर एकाला खालची जागा दे आणि दुसऱ्याचा फक्त वरचा ठोका ठेव. ५५ हर्ट्झचा सूर फोनच्या स्पीकरवर येतच नाही, थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी फाटकी धार) दिलंस की वरचे ११० आणि १६५ चे सूर उमटतात आणि कान खालचा आपोआप भरून काढतो. मिक्स मोनोमध्येही (डावं-उजवं एक करून) ऐक, फेजचा घोळ, म्हणजे दोन आवाज एकमेकांना खोडत असतील, तर तिथे लगेच कळतो.

तू लिहिलेलं नाहीस पण तुझ्यासारख्या खूप जणांचं एक दुखणं असतं, आपला मिक्स मोठ्या गाण्यांसमोर बारीक वाटतो. ते गाणं मास्टर होऊन, म्हणजे शेवटचा हात फिरून, जोरात आलेलं असतं आणि तुझं नाही, आणि आपल्या कानाला जोरातलं नेहमी चांगलं वाटतं. संदर्भासाठी लावलेलं गाणं सहा-आठ डेसिबलने खाली आण, दोन्ही सारख्या आवाजात ऐक, मग फरक खरा दिसेल, बहुतेक वेळा तो आवाज आणि स्नेअर यांच्या नात्यात असतो. लिमिटरने, म्हणजे आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाने, सगळं चिरडू नकोस, स्पॉटिफायसारख्या ठिकाणी नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास आणली जातात, जास्त जोरात दिलंस तर ते खालीच ओढतात, आणि चिरडलेलं मात्र चिरडलेलंच राहतं.

आता काढून टाकलेला रिमिक्स. तुला वाईट वाटलं हे खरं, पण त्याचा अर्थ तुझं काम वाईट होतं असा नाही. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द-चाल यांचा आणि दुसरा त्या रेकॉर्डिंगचा, तू दोन्ही वापरलेस. "काही सेकंद चालतात" किंवा "क्रेडिट दिलं, पैसे घेतले नाहीत की झालं" असं मुलं एकमेकांना सांगतात, त्यावर अवलंबून राहू नकोस. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्ध परवानगीशिवाय सॅम्पल वापरल्याबद्दल निकाल लागला आणि त्यानंतर हिप-हॉप बनवायची पद्धतच बदलली, दहा-वीस रेकॉर्डचे तुकडे जोडून एक गाणं करणं परवडेनासं झालं. पण या नियमांकडे फक्त अडथळा म्हणून बघू नकोस. १९६९ च्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रम ब्रेक पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि त्यांना त्याचे पैसे मिळाले नाहीत, २००६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना राहायला घरही नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते. ज्याचं वाजवणं आपण घेतो तो माणूस कुठेतरी असतो. तेव्हा घरी शिकण्यासाठी कुणाचंही गाणं उलगडून बघ, बाहेर टाकताना परवानगी असलेलं, रिमिक्स स्पर्धेत अधिकृतपणे दिलेले स्टेम (गाण्याचे सुटे ट्रॅक), मोकळ्या लायसन्सचे आवाज किंवा तुझं स्वतःचं रेकॉर्डिंग वापर, आणि लायसन्स वाच, काहींत पैसे कमवायला मनाई असते, काहींत बदल करायला.

मित्राबरोबरही हेच. दोस्ती आहे म्हणून तोंडी सोडू नका. एक पानभर साध्या भाषेत लिहा, शब्द कुणाचे, बीट कुणाची, नाव कसं लागणार, पैसे आले तर वाटणी कशी, आणि त्याच्या आवाजाचे रिमिक्स तू किती आणि कुठे वापरू शकतेस. गाणं चाललं नाही तर कागद पडून राहील, चाललं तर मैत्री वाचेल.

दोन महिने पुरतात यासाठी, पण त्यातला बराच वेळ खोली आणि टेकवर जाऊ दे, रिमिक्सला तू आपोआप वेळ काढशीलच, तिथे तुला ढकलावं लागणार नाही. मूळ टेक असलेलं सेशन दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेव आणि त्या कॉपीला हात लावू नकोस. सरांकडे जाताना रिमिक्स आधी वाजवू नकोस, कोरडा आवाज घेऊन जा, बीट न लावता, आणि विचार की यात तुम्हाला काय खटकतंय. ते जे सांगतील ते लिहून घे, जमेल ते पुन्हा रेकॉर्ड कर, आणि मग त्याच आवाजावरचे रिमिक्स त्यांना ऐकव. माइकचा विषय त्यानंतर काढ, तोवर तुला नेमकं काय कमी पडतंय हे तूच त्यांना सांगू शकशील.